तोंड उघडण्याचा विधी

सुमतीवन्सं आर्वीहून आल्या त्या भर उन्हात, न कळवता. चारुशीलेनं दार उघडलं आणि तिची नजर आधी गेली ती त्यांच्या हातातल्या पिशवीवर. पिशवीतून गंगेचा गडू डोकावत होता. मुठीएवढा, तांब्याचा, झाकण डाख देऊन बंद केलेलं. काशीला जाऊन आलेलं कुणी असे गडू नातलगांत वाटतं आणि मग ते देवघराच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं काळे पडत राहतात. फोडतात ते एकदाच. कशासाठी, ते चारुशीलेला कुणी सांगायला नको होतं.

"या वन्सं. एवढ्या उन्हाच्या निघालात? फोन तरी करायचा, पुष्कर बसस्टँडवर आला असता."

"उन्हाचं काय घेऊन बसली वं? भाऊ पडून हाय माहा, न मी तिकडं कूलरपुढं बसून राहू?"

सुमतीवन्संनी चपला काढल्या, पदरानं मान पुसली आणि घोटभर पाणीही न मागता सरळ आतल्या खोलीत गेल्या.

मार्तंडराव पलंगावर उशांच्या आधारानं ताठ बसवलेले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्याच कुणाचा विसरून राहिल्यासारखा. नाकातून पिवळट नळी आत गेलेली, गालावर चिकटपट्टी. होळीनंतर अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि ज्याचा कुणी कधी विचारही करत नाही ते साधं गिळणं गेलं. थोरल्या बहिणीला पाहून त्यांचा डावा डोळा भरून आला.

"बाबू, ओठ किती सुकले गा तुहे." सुमतीवन्संनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि मागे वळून विचारलं, "याले पाणी नाही दिलं का वं?"

"देते ना. नळीतून देते."

"नळीतून पोटाले गेलं. जिभेले कुठं गेलं?"

चारुशीलेनं ओलं फडकं घट्ट पिळलं, त्यांच्या ओठांवरून फिरवलं, आणि नूपुरनं समजावलेलं जसंच्या तसं समजावलं. नूपुर म्हणजे घरी येऊन गिळणं आणि बोलणं पुन्हा शिकवणारी थेरपिस्ट. दिसायला कॉलेजातली पोरगी, पण एका बाबतीत हेडमास्तरणीपेक्षा कडक. साधं पाणी तोंडात नाही म्हणजे नाही. घट्ट पदार्थ आला की घशाला कळतं, तो तयार होतो. पाणी फसवून निसटतं आणि श्वासाच्या वाटेनं छातीत उतरतं. "ठसका लागला तर नशीब समजा, काकू," ती म्हणाली होती. "सरांचा घसा झोपलाय. त्यांना ठसका लागेलच असं नाही."

सुमतीवन्संनी ऐकून घेतलं. ऐकलं असं मात्र त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"नागपूरचा उन्हाळा," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "न माणसाच्या तोंडात पाणी नाही."

पुढच्या आठवड्यात नूपुर घशाची परीक्षा घेणार होती. घसा जागा झालेला दिसला तर थोडंथोडं तोंडानं सुरू करायचं. नाही तर डॉक्टरांच्या मते नाकातली नळी अशी किती दिवस ठेवणार, पोटाला भोक पाडून तिथून कायमची बसवून टाकू. हे बोलणं पलंगाशेजारी झालं होतं. मार्तंडरावांची वाचा गेली होती, कान नव्हते गेले. त्यांनी डोळे मिटले ते डॉक्टर जिना उतरेपर्यंत उघडले नाहीत. त्याच दुपारी डाव्या हातानं नाकातली नळी उपसून काढली. दुसऱ्यांदा काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हात बांधून ठेवा. चारुशीलेनं हात बांधला नाही. ती तो हातात धरून बसायला लागली. जेवताना उजव्या हातानं जेवायची, डाव्या हातात तो हात. एवढ्या संसारात तिला नवऱ्याचा राग कळत होता, रुसवा कळत होता, आणि हा यातला कुठलाच नव्हता हेही कळत होतं. पोटाला भोक पाडलं तर हा माणूस भिंतीकडे तोंड करील आणि पुन्हा वळणार नाही.

आणि हे व्हावं कुणाच्या बाबतीत, तर मार्तंडरावांच्या!

मार्तंडराव शाळेत इतिहास शिकवायचे. पुस्तकात इजिप्तला जेमतेम दोन पानं असायची, त्या दोन पानांवर ते अख्खा पावसाळा काढायचे. पोरं त्यांना 'ममीवाले सर' म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडे. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं हुडकत उभे राहत, भाजीची पिशवी तिथंच विसरून येत. कधी काळी पासपोर्टही काढला होता, तो कोराच्या कोरा संपला. पण गप्पांत त्यांना नाईल नदी नाग नदीपेक्षा जवळची. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याच्या पानात जिलबी पडत असताना हे सांगायला सुरुवात करत, की नाकातून आकडी घालून मेंदू कसा ओढून काढायचे, आणि काळीज मात्र जागच्या जागी कसं ठेवायचे, कारण वरच्या दरबारात तोलायचं ते तेच. चारुशीला समोरच्या ओळीतून डोळे वटारायची. "अहो, त्यांचं जेवण होऊ द्या."

तिनं स्वतः बी. ए. केलं होतं, पण इजिप्त तिच्या डोक्यात शिरला तो मेथी निवडताना, वाटाणे सोलताना, अर्ध्या कानानं. मार्तंडरावांना त्यातलं सगळ्यात प्रिय होतं ते भुकेचं प्रकरण. माणूस मेला की त्याचा 'का', त्याच्या जिवाचा जोडीदारच म्हणा, मागे उरतो, आणि त्या 'का'ला भूक लागते. "बघ चारू, मोक्ष-बिक्ष नंतर. आधी जेवायचं काय ते बोला, म्हणाले हे लोक." म्हणून थडग्यात भाकरी, कांदे, जवाची दारू. नातवंडं पुढे विसरतील म्हणून भिंतीवर जेवणाची चित्रं. चित्रंही पुसली जातील म्हणून दारावर वाटसरूला विनवणी कोरलेली, की बाबा, घटकाभर थांब, माझ्यासाठी एवढं म्हण, हजार भाकरी, हजार घडे, हजार बदकं. तुझं काही जात नाही, तोंडची वाफ तेवढी. आणि म्हटलेलं त्याला पोचतं, अशी त्या लोकांची पक्की श्रद्धा.

पण पोचलेलं खायला तोंड हवं. तोंड तर पट्ट्यांनी गुंडाळलेलं. म्हणून थडग्यात नेण्याआधी तो देह दारात उभा करायचे, आणि मुलगा, किंवा त्याच्या वतीनं बिबट्याचं कातडं पांघरलेला पुजारी, सुताराच्या वाकसासारखं एक हत्यार त्या ओठांना लावायचा. मी तुझं तोंड उघडतो, म्हणायचा. तिथून पुढे तो मेलेला माणूस खाऊ शकतो, पिऊ शकतो, बोलू शकतो.

"आपल्याकडे मुलगा बापाच्या तोंडाला अग्नी देतो," मार्तंडराव म्हणायचे, "तिकडे तोंड उघडून त्याला जेवायला बसवायचा. जीव अडकतो दोघांचाही, इलाज वेगवेगळे."

नूपुर पहिल्या दिवशी आली तेव्हा तिनं बॅगेतून लांब दांड्याचा, रुपयाएवढा स्टीलचा आरसा काढला, बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि मार्तंडरावांचा जबडा हलकेच उघडून आत, पडजिभेच्या बाजूला, टेकवला. घशाला आठवण करून देते, म्हणाली. मार्तंडरावांचे डोळे मोठे झाले. मग खांदा हलायला लागला, ओठाची डावी बाजू वर गेली.

नूपुर घाबरली. "काकू, सर रडताहेत का?"

"हसताहेत," चारुशीला म्हणाली.

"का?"

"त्यांचा जुना धडा आहे तो. सांगेन कधीतरी."

झटक्यानंतर नवऱ्याला हसताना तिनं पाहिलं ते त्या दिवशी. तेव्हापासून नळीत ते बेचव पांढरं पाणी ओतताना ती पदार्थांची नावं घ्यायला लागली. आज गोळाभात, वरून फोडणीचं तेल. आज सांबारवडी, कोथिंबिरीच्या सारणाची, कढीबरोबर. पुष्कर आधी म्हणाला, आई, तू ठीक आहेस ना? मग तोही मिहानमधून, विमानं दुरुस्त करायच्या त्याच्या कंपनीतून, दुपारी फोन करून विचारू लागला, आज बाबांना काय?

सुमतीवन्संना आल्या दिवशी हे काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या सकाळी खालून सिलिंडरवाल्यानं हाक मारली. त्याला वर चढायचा कंटाळा, ही दर वेळची कटकट.

"मी बसतो ना त्याच्यापाशी," सुमतीवन्सं म्हणाल्या. "जाय तू."

"हात धरून ठेवा त्यांचा. आणि वन्सं, तोंडात काही घालू नका."

"नाही वं. मी काय लहान हाय?"

चारुशीला खाली गेली, सिलिंडरवाल्याशी दोन शब्द वाजले, तो शेवटी कुरकुरत वर आला. स्वयंपाकघरात सिलिंडर लावून होईपर्यंत तिला काही जाणवलं नाही. मग ओट्यावर पाहिलं तर सांडशी जागेवर नव्हती.

ती खोलीत धावली. गडू पलंगाशेजारच्या स्टुलावर उघडा होता, झाकण सांडशीनं पिरगळून काढलेलं. शेजारी चांदीचा चमचा. मार्तंडरावांच्या खालच्या ओठाला तुळशीचं पान चिकटलं होतं आणि सदऱ्याची गळपट्टी ओली झाली होती. सुमतीवन्संचा चेहरा अगदी शांत, निवलेला होता.

"गिळलं त्यानं, चारू. दोनच चमचे देल्ले. ठसकासुद्धा नाही लागला, पाहा."

ठसका लागला नाही.

चारुशीलेनं पान काढलं, त्यांना पुढे वाकवलं आणि कूलरचं बटण बंद केलं. खोलीत एकाएकी शांतता झाली. "अहो, आ म्हणा. आ. म्हणा ना." नूपुरनं शिकवलं होतं, गिळल्यावर आवाज ऐकायचा. आवाज स्वच्छ तर सगळं पोटात. आवाज ओला तर वाट चुकली.

मार्तंडरावांनी तिच्याकडे पाहिलं. आवाज आला. उन्हाळ्यात नळाला पाणी यायच्या आधी नळ करतो तसला, गुळगुळता.

तिनं पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तसाच.

"काय झालं वं?" सुमतीवन्सं उठून उभ्या राहिल्या.

चारुशीला ओरडली नाही. ओरडायला लागलो तर थांबणार नाही, हे तिला माहीत होतं. नूपुरला फोन लावला, डॉक्टरांना लावला. दोघांनी एकच सांगितलं. बसवून ठेवा, पाठ थोपटा, ताप बघत राहा, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र काढूच नका. लगेच काही दिसणार नाही. छातीत काय उतरलं ते उद्यापर्यंत कळेल.

उद्यापर्यंत. बाहेर रस्ता तापून पांढरा पडला होता. चारुशीला यंत्रावरचा आकडा बघायची, कपाळाला हात लावायची, पुन्हा आकडा बघायची. सुमतीवन्सं दाराच्या चौकटीपाशी जमिनीवर बसल्या होत्या, आत येत नव्हत्या आणि जातही नव्हत्या. कूलर पुन्हा सुरू केला की श्वास ऐकू येईना, बंद केला की घामानं जीव जाई. चारुशीलेनं तो बंदच ठेवला.

संध्याकाळी पुष्कर आला. हेल्मेट हातातच होतं.

"आत्या, काय करून ठेवलं तू? आईनं सांगितलं नव्हतं का?"

"मी त्याले मारायले आली का रे?" सुमतीवन्संचा आवाज चिरकला. "आमचे बाबा कोरडे गेले. तुह्या आजोबाले शेवटच्या घडीले पाण्याचा थेंब नाही भेटला. मी विहिरीवर होती, हा शाळेत. आली तं जीभ अशी लाकडासारखी. गाव म्हणे, तहानेला गेला, तहानेलाच फिरन. जन्मभर ऐकलं मी हे. यालेही तसंच जाऊ देऊ?"

"पण बाबा कुठं चाललेत, आत्या! ते जगताहेत. तूच त्यांना..."

"पुष्कर," चारुशीला म्हणाली. "पुरे."

"काय पुरे? उद्या सकाळी मी आत्याला एसटीत बसवून देतो."

सुमतीवन्सं खरंच पिशवी भरायला लागल्या. पातळाची घडी काही नीट होईना. चारुशीला त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात वाईट वाईट आलं. जाऊ देत यांना. या जातील, निदान दाराकडे बघायला नको. पण मार्तंडरावांची नजर दाराकडेच लागली होती, बहिणीवर. त्या नजरेत राग नव्हता. चारुशीलेला त्याचाच जास्त राग आला.

"वन्सं, कुठं जायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "इकडे या. कान ठेवा त्यांच्या पाठीला. ऐका."

सुमतीवन्संनी कान ठेवला. आत काहीतरी खुळखुळत होतं. त्या कान काढून बसल्या त्या तोंडावर पदर धरून.

ताप आला दुसऱ्या दिवशी. यंत्रावरचा आकडा उतरायला लागला. डॉक्टर घरी येऊन गेले, इंजेक्शनं सुरू झाली, नर्स यायची ठरली. अजून खाली गेलं तर थांबायचं नाही, सरळ भरती. आणि जिन्यात उभं राहून त्यांनी चारुशीलेला हळू आवाजात जे सांगितलं ते तिनं पुष्करलाही लगेच सांगितलं नाही. छाती पुन्हा एकदा अशी भरली तर गिळण्याच्या परीक्षेची वाट बघण्यात अर्थ नाही. पोटातली नळी करून टाकू.

ती वर आली, हात धुतले, नळीतून द्यायचं पाणी नि दूध घेऊन बसली. पिचकारी भरून नळीला लावली. सवयीनं तोंडातून निघालं, "आज पाटवडीचा रस्सा. तर्रीदार. सोबत भाकरी, ज्वारीची, पापुद्रा सुटलेली."

दारातून आवाज आला, "काय म्हणून राहिली तू?"

चारुशीलेला उत्तर द्यायची इच्छा नव्हती. पण सुमतीवन्संनी इतक्या हळू विचारलं होतं. मग तिनं पिचकारी धरल्या धरल्याच सांगितलं. मेलेल्याची भूक, पुसलेली चित्रं, दारावरची विनवणी, वाटसरू. मार्तंडरावांच्या इतकं रंगवून तिला येईना, पण मार्तंडराव ऐकत होते, हे तिला त्यांच्या पापण्यांवरून कळत होतं. चुकलं तर ते पापणी मिटत, आणि ती थांबून दुरुस्त करी.

"म्हणजे नुसतं तोंडानं म्हटलं, तरी भेटते त्याले?"

"असं ते मानत. मला काय माहीत, वन्सं."

"पानी पन?"

"सगळंच."

सुमतीवन्संनी पदरानं तोंड पुसलं. मग उठून आत आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या, भावाचा डावा हात चारुशीलेच्या हातातून आपल्या हातात घेतला.

"बाबू," त्या म्हणाल्या. "गंगा घे. यमुना घे. नर्मदेचं घे, थंडगार. आपल्या वर्धेचं घे, पुलगावच्या पुलाखालचं." थांबल्या. "विहिरीचं घे. शेंदून आणलं मी आत्ताच. भरला लोटा."

मग आवाज बदलला, हात तोच राहिला. "बाबा, तुम्हीपन घ्या."

मार्तंडरावांनी डोळे मिटले नाहीत. चारुशीला पिचकारी धुवायच्या निमित्तानं उठली आणि मोरीत नळ सोडून उभी राहिली.

त्यानंतरचे दिवस घरानं आकड्याकडे बघत काढले. तो खाली आला, अडला, एका दुपारी इतका घसरला की पुष्करनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत पुन्हा चढला. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस बघू. तो दिवस गेला. मग ताप उतरला. खुळखुळ आधी कमी झाली, मग फक्त पाठीला कान लावल्यावर ऐकू येऊ लागली, मग तशीही येईना. सुमतीवन्सं रोज सकाळी स्वतः कान लावून बघत आणि नर्सच्या आधी निकाल सांगत. गडू त्यांनी, भावाला नद्यांची नावं ऐकवली त्याच दिवशी, तुळशीत रिकामा केला होता.

नूपुर परीक्षेला येणार त्याच्या आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, काकू, सरांना मनापासून आवडणारं काहीतरी करून ठेवा, चवीनं घसा लवकर जागा होतो. पण एकसारखं हवं, गुठळी नको, पाणी सुटणारं नको, टाळूला चिकटणारं नको. चारुशीला विचार करत बसली. जे जे आवडतं ते सगळं एक तर कुरकुरीत, नाही तर झणझणीत.

"चीक," सुमतीवन्सं म्हणाल्या.

"काय?"

"गव्हाचा चीक वं. कुरड्यांचा. लहानपणी आमची माय अंगणात चीक शिजवे, न हा थाळी घेऊन चुलीपुढून हटत नसे. माह्या वाट्याचाही खाये." त्यांनी चौकशी केली तर वरच्या मजल्यावरच्या इंदूबाईंनी कुरड्यांसाठी गहू भिजवून, वाटून, चीक काढून ठेवलाच होता. वाटीभर मागून आणला.

दुसऱ्या सकाळी तो शिजला. गुठळी होऊ नये म्हणून सुमतीवन्सं एका हाती ढवळत राहिल्या, पदर खांद्यावरून सरकला तरी हात थांबवला नाही. काचेसारखा झाला तेव्हा तूप घालून सैल केला.

नूपुर आली. तिनं चमचा तिरपा करून बघितला, बोटांत घेऊन बघितला. "अजून थोडं तूप. हां. चालेल." मग पुष्करला म्हणाली, "दादा, कूलर बंद. आणि आता कुणी बोलायचं नाही."

पुष्करनं आज सुट्टी घेतली होती. तो भिंतीला टेकून उभा राहिला. यंत्र बोटाला लावलं. मार्तंडरावांना ताठ बसवलं, हनुवटी थोडी खाली. नूपुरनं आरसा बर्फात बुडवला आणि आत टेकवला, एका बाजूला, मग दुसऱ्या. आज ते हसले नाहीत. कपाळावर घामाचे थेंब उभे होते.

अर्धा चमचा चीक जिभेवर गेला. नूपुरची बोटं त्यांच्या गळ्याच्या घाटीवर. "गिळा, सर."

काही नाही. जबडा हलला, थांबला. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून थोडंसं ओघळलं. चारुशीलेनं पुसायला हात पुढे केला, नूपुरनं नजरेनंच थांबवलं. सुमतीवन्संचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"गिळा, सर. जोर लावून."

घाटी वर गेली. वर गेली आणि खाली आली, अगदी सावकाश, एखादं जड दार ढकलावं तशी.

"आता आ म्हणा."

यंत्राचा आकडा हलला नाही. खालून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला. मार्तंडरावांनी श्वास घेतला.

आवाज आला. खरबरीत, लहानसा, पण स्वच्छ.

"पुन्हा म्हणा."

पुन्हा स्वच्छ.

नूपुरनं दुसरा अर्धा चमचा दिला. घाटी या वेळी जरा लवकर हलली. तिसरा तिनं चारुशीलेला द्यायला लावला, कसा धरायचा, कुठे ठेवायचा ते दाखवत. चौथा सुमतीवन्संना. चमचा दातावर वाजला, पण त्यांनी तो जिभेवर ठेवला आणि पटकन हात मागे घेतला, भाजल्यासारखा. प्रत्येक वेळी आ, प्रत्येक वेळी सगळे गप्प, प्रत्येक वेळी स्वच्छ.

"पोटातल्या नळीचं मी डॉक्टरांशी बोलते," नूपुर म्हणाली, आणि आत्ता कुठे तिनं स्वतःचा घाम पुसला. "तिची घाई नको म्हणून सांगते. नाकातली राहील अजून, तिच्यावरच पोट भरायचं. पण रोज थोडं तोंडानं, मी सांगेन तेवढंच, असंच घट्ट. पाणी अजून नाही. आत्या, ऐकताय ना? पाणी नाही."

"नाही वं बाई," सुमतीवन्सं म्हणाल्या. "पानी मी देतो माह्या हिशेबानं. चमच्यानं नाही."

नूपुरला ते कळलं नाही. चारुशीलेनं सांगितलंही नाही. पुष्कर भिंतीपासून निघून खिडकीपाशी गेला होता आणि तिकडे तोंड करून उभा होता.

"आज एवढंच, सर," नूपुरनं वाटीवर झाकण ठेवलं. "बाकीचं उद्या."

मार्तंडरावांनी वाटीकडे पाहिलं. मग बायकोकडे. आणि तोंड उघडून तसेच बसून राहिले.